‘कम्फर्टेबली नम’चा शेवटचा सोलो: आधी गळ्यात, मग बोटांत

गिटार घेऊन सात-आठ महिने झाले, बोटांच्या टोकांना घट्टे पडले, जी, सी, डी, ई मायनर या कॉर्ड्स न बघता बदलता यायला लागल्या की मन सोलोकडे धावतं. संध्याकाळी माझ्याकडे चार-पाच मुलं गिटार शिकायला येतात, त्यांचंही हेच. जवळजवळ प्रत्येकाला सुरुवात वेगवान सोलोपासून करायची असते. मी त्यांना थांबवतो आणि एकच सोलो समोर ठेवतो: पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘कम्फर्टेबली नम’ या गाण्याच्या शेवटी त्यांचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर वाजवतो तो. लय संथ आहे, मुख्य स्वर पाचच आहेत, आणि नवख्या बोटांची दमछाक होईल अशा जागा थोड्या आहेत. तरीही रॉकमधल्या थोर गिटार सोलोंची नावं निघाली की हे नाव पहिल्या काहींत येतंच.

हा सोलो गाता येतो, हे त्याचं मर्म. टॅब (तारा आणि बोटांच्या जागा आकड्यांत दाखवणारी लिपी) कितीही पाठ असो, ज्याला तो गुणगुणता येत नाही त्याच्या हातून तो वाजत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून खालचा सगळा क्रम गळ्याकडून बोटांकडे जाणारा आहे. रोज अर्धा तास दिलात तर तीन-चार महिने धरून चाला.

गाण्याची थोडी ओळख आधी. ते ‘द वॉल’ या १९७९ च्या दुहेरी अल्बममधलं, एलपीच्या तिसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. चालीचा कच्चा आराखडा गिल्मरने १९७८ च्या आपल्या पहिल्या स्वतंत्र अल्बमच्या वेळी करून ठेवला होता. शब्द बँडच्या बेसवादकाचे, रॉजर वॉटर्सचे. १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या कार्यक्रमाआधी वॉटर्सच्या पोटात कळा येत होत्या, डॉक्टरने गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि तशाच बधिर अवस्थेत तो रंगमंचावर उभा राहिला. गाण्यातला डॉक्टर तिथून आला. पुढे गाणं मुद्रित करताना मोठा वाद झाला. गिल्मरला नुसत्या बँडचा रांगडा आवाज हवा होता; वॉटर्स आणि निर्माता बॉब एझरिन यांना मायकेल केमनने बांधलेला ऑर्केस्ट्रा हवा होता. शेवटी गाण्याच्या मुख्य भागात ऑर्केस्ट्रा ठेवला आणि शेवटच्या सोलोखाली बँडचा कणखर आवाज. हे लक्षात ठेवून गाणं ऐका, साडेचार मिनिटांच्या आसपास जमीन बदलल्यासारखी वाटते.

पायरी १: आठवडाभर नुसतं ऐका

गिटार भिंतीला टेकवून ठेवा. हेडफोन लावा, दिवा मालवला तरी चालेल, आणि रोज दोनदा पूर्ण गाणं ऐका. फक्त सोलोचा तुकडा काढून ऐकू नका. आधीची चार मिनिटं सोसली तरच शेवटच्या दोन मिनिटांत काय सुटतं ते कळतं.

गाण्यात सोलो दोन आहेत, नवशिका माणूस इथे पहिल्यांदा गोंधळतो. पहिला मध्यावर येतो, कोरसच्या डी मेजरच्या कॉर्ड्सवर. तो उजळ आहे, ढगातून ऊन पडावं तसा. आपल्याला हवा तो दुसरा, बी मायनरमधला. त्याच्या सुरुवातीलाच जाड तारांवरचे खर्जाचे स्वर ऐकू येतात, मग तो टप्प्याटप्प्याने वरच्या सप्तकात चढतो आणि वाजता वाजताच विरून जातो.

चौथ्या-पाचव्या दिवशी कागद-पेन्सिल घ्या. गिल्मर जिथे थांबतो तिथे एक आडवी रेघ ओढा. स्वर लिहायचे नाहीत, फक्त थांबे. गाणारा श्वास घेतो तशा जागा तुम्हाला दिसायला लागतील. दोन रेघांच्या मध्ये येतं ते एक वाक्य. हा कागद जपून ठेवा, पुढे याच्यावरूनच काम करायचं आहे.

पायरी २: गा

आवाज चांगला नसला तरी चालेल, इथे गळा हे फक्त मोजमापाचं साधन आहे.

घरात हार्मोनियम असेल तर पांढरी सात धरा. तोच पाश्चात्त्य बी. त्याला सा मानलं की या सोलोचे मुख्य पाच स्वर होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. रे आणि ध जवळपास नाहीत. ज्यांनी थोडं शास्त्रीय शिकलंय त्यांना कळलं असेल, हे धानी रागाचे स्वर. रागाचं चलन इथे शोधू नका, ते नाही. पण स्वरसमूह तोच आहे आणि आपल्या कानाला तो परका नाही, हा आपला मोठा फायदा आहे. रॉकवाले याच समूहाला बी मायनर पेंटाटॉनिक म्हणतात: बी, डी, ई, एफ शार्प, ए.

हार्मोनियम नसेल तर फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, पट्टी बी ठेवा. आधी पाच स्वर वर-खाली दहा वेळा म्हणा. मग कागदावरचं पहिलं वाक्य ऐका, गाणं थांबवा आणि ते नुसत्या ‘आ’कारात म्हणा. एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो तिथे गळाही घसरू द्या. ती मींडच आहे. गिल्मरच्या वाजवण्यातलं अर्धं सौंदर्य या घसरण्यात आहे, आणि गळ्याला ते न शिकवता येतं.

पहिली चार वाक्यं न अडखळता म्हणता आली की पुढे जा.

पायरी ३: गिटार आणि तारा

सोलो इलेक्ट्रिक गिटारवरच शिका. ॲकूस्टिकच्या जाड तारा इतक्या ओढल्या जात नाहीत, आणि स्वर लांबतही नाही. कुठलीही साधी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची गिटार पुरेशी आहे.

गिल्मरची ती काळी स्ट्रॅट फार प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून त्याने ती घेतली, वर्षानुवर्षं तिचे भाग बदलत राहिला, आणि जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. लिलावाचे पैसे त्याने पर्यावरणासाठी काम करणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला दिले. मुलं मला विचारतात, तसा आवाज यायला तशी गिटार नको का? नको. तुमच्या बेंडचा, म्हणजे तार ओढून चढवलेल्या स्वराचा, सूर लागला तर स्वस्तातल्या गिटारीवरही हा सोलो ओळखू येतो.

तारांकडे मात्र नीट लक्ष द्या. गिल्मरच्या नावाने मिळणारा तारांचा संच १० ते ४८ (इंचाचे हजारावे भाग) जाडीचा आहे. नवख्याने ९ ते ४२ चा संच लावावा. मला सुरुवातीला एका दुकानात न विचारता ११ च्या तारा चढवून दिल्या होत्या. दोन महिने मला वाटत होतं की माझ्याच बोटांत जोर नाही; एक बेंड पूर्ण होईना, तर्जनीची कातडी फाटली. तारा बदलल्या त्या संध्याकाळी तोच बेंड लागला. म्हणून दुकानात उभं राहूनच जाडी विचारा, पाकिटावरचा आकडा स्वतः वाचा.

ब्रिजला (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) ट्रेमोलोचा, म्हणजे स्वर हलवायचा, दांडा असेल तर आणखी एक गोष्ट. ब्रिज तरंगता असेल तर एक तार ओढली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. मागची झाकणी उघडून स्प्रिंगचे स्क्रू थोडे आवळले की ब्रिज लाकडाला टेकतो आणि कटकट संपते. पहिले काही महिने दांडा काढूनच ठेवा.

पायरी ४: सातव्या फ्रेटवरचं घर

आता स्वर बोटांखाली आणू. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. तर्जनी सातव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सातव्या खान्यावर, राहील.

सहावी तार: ७ आणि १०. पाचवी: ७ आणि ९. चौथी: ७ आणि ९. तिसरी: ७ आणि ९. दुसरी: ७ आणि १०. पहिली: ७ आणि १०.

सा कुठे कुठे आहे ते आधी शोधा. सहाव्या तारेवर सातवा फ्रेट, चौथ्या तारेवर नववा, पहिल्या तारेवर पुन्हा सातवा. या तीन जागा अंधारात सापडल्या पाहिजेत. प्रत्येक वाक्य कुठेतरी घरी परततं, आणि घर म्हणजे या तीन जागा. वरच्या भागासाठी हेच स्वर गिटारच्या डोक्याकडे न जाता बॉडीच्या दिशेने, चौदा ते सतराच्या फ्रेटवर पुन्हा मिळतात: दुसऱ्या तारेवर १५ आणि १७, पहिल्यावर १४ आणि १७. ते नंतर. आधी सातव्या फ्रेटवरचं घर पक्कं करा.

हे स्वर वाजवताना तोंडाने नावं घ्या, सा, ग, म. बोट आणि गळा एकत्र चालले पाहिजेत.

पायरी ५: बेंड, म्हणजे तारेवरची मींड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. महिनाभर दिलात तरी वाया जाणार नाही.

तिसरी तार, नववा फ्रेट. हा ई, आपला म. ही तार वर, चौथ्या तारेच्या दिशेने ढकलायची आणि एफ शार्पपर्यंत, म्हणजे पंचमापर्यंत न्यायची. दोन फ्रेटचं अंतर. हा एक बेंड या सोलोत वारंवार भेटतो, तो लागला की सोलोचा चेहरा लागला.

हात असा ठेवा. अनामिका नवव्या फ्रेटवर, मधलं बोट तिच्या मागे आठव्यावर, तर्जनी सातव्यावर. तिन्ही बोटं त्याच तारेवर. ढकलायचं तिघांनी मिळून. एकट्या अनामिकेने जोर लावलात तर सांधा दुखेल आणि स्वर कापेल. अंगठा गिटारच्या मानेवरून थोडा वर आलेला, तिला तळहातात धरल्यासारखा. आणि जोर बोटांच्या पेरांतून न येता मनगटातून यावा. दाराच्या कडीची मूठ फिरवतो तसं मनगट फिरतं, बोटं फक्त तारेला धरून असतात. नीट झालं तर तर्जनीच्या बुडाशी, मानेच्या कडेला टेकलेल्या जागी, हलकासा लाल वळ उठतो. तिथेच हात टेकून फिरतोय याची ती खूण.

सूर बरोबर लागला हे कसं ओळखायचं? दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट हाही एफ शार्पच आहे. तो आधी वाजवा, कानात भरा. मग तिसरी तार ओढा आणि जुळवा. दोन्ही तारा एकदम छेडल्यात तर आणखी चांगलं: स्वर जवळ आले पण जुळले नाहीत, तर आवाज लाटांसारखा डोलतो, वांव-वांव-वांव. जवळ येईल तशा लाटा मंद होतात आणि जुळला की थांबतात. तंबोरा लावताना जोडीच्या तारा जुळल्या की जे होतं तेच.

माझा हा बेंड किती बेसूर होता, ते मला आत्याने दाखवलं. तिने आयुष्यभर गाणं शिकवलं; रॉक तिने कधी ऐकलेलं नाही. सुट्टीत ती घरी आली होती, मी आतल्या खोलीत हेच घोटत बसलो होतो. ती दारात येऊन थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, पंचम उतरलाय तुझा. दर वेळी तेवढाच उतरतोय, म्हणजे कानाला तोच खरा वाटायला लागलाय.” मग हार्मोनियम पुढे ओढली, पंचमावर बोट ठेवलं, भाता हलवत राहिली आणि म्हणाली, “आता ये इथपर्यंत.” मी तार ढकलली. “अजून.” पुन्हा ढकलली. “अजून थोडं. हां, थांब. आता हलू नकोस.” तो क्षण मला अजून आठवतो: पेटीचा आणि गिटारचा आवाज एकमेकांत मिसळून गेला, कुठला कुठला ते कळेना. त्यानंतर ती राहिलेले चार दिवस आम्ही रोज एवढंच केलं. दोन वर्षं यूट्यूब बघून जे उमगलं नव्हतं ते तिथे उमगलं. घरात कोणी पेटी वाजवणारं असेल तर त्यांना दहा मिनिटं मागा.

एकटे असाल तर ट्यूनर समोर ठेवा, तार ओढल्यावर सुई एफ शार्पवर थांबते का बघा. पण सुईची सवय लावून घेऊ नका. डोळे मिटून ओढा, मग उघडून तपासा.

हा बेंड दहापैकी आठ वेळा बरोबर यायला लागला की पुढचे दोन घ्या. दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट, ए वरून बी, म्हणजे कोमल नीवरून षड्ज. आणि पहिल्या तारेवर दहावा, डी वरून ई. ही पहिली तार बारीक, हलकी ओढली जाते, त्यामुळे बहुतेकांचा स्वर इथे चढतो.

नंतर उतरती मींड. तार आवाज न करता आधीच ओढून धरा, मग पिक मारा आणि सावकाश सोडा. प कडून म कडे येणारा तो उसासा. इथे सोडण्याचा वेग महत्त्वाचा; झटकन सोडलीत तर उसासा राहत नाही, नुसती तार सुटते. गिल्मर दीड-दोन सुरांचे लांब बेंडही मारतो, पण ते एवढ्यात करायला जाऊ नका. आधी तार तुटेल किंवा मनगट दुखावेल.

बाकीच्या तारा गप्प ठेवणंही याच पायरीत शिका. तिसरी ढकलताना चौथी बोटांच्या टोकाखाली येते आणि सोडताना गुणगुणते. उजव्या हाताच्या तळव्याची कड जाड तारांवर हलकी टेकवा, आणि तर्जनी थोडी पसरट ठेवून बारीक तारा झाका. पुढे फझ (आवाज जाड आणि खरखरीत करणारं पेडल) लावल्यावर ही गुणगुण दहापट मोठी होणार आहे.

पायरी ६: व्हायब्रेटो

स्वर लावून झाला की त्याला आंदोलन. हे थोडक्यात सांगतो, कारण बेंड येत असेल तर व्हायब्रेटो अर्धा आलेलाच असतो, मनगटाची हालचाल तीच. मेट्रोनोम, म्हणजे लयीचा ठोका देणारं यंत्र, मिनिटाला ६४ ठोक्यांवर ठेवा, गाण्याची लय साधारण तेवढीच आहे. एका मात्रेत तीन हेलकावे, मग चार. सारखे. स्वर लागल्या क्षणी हलवायला सुरुवात करू नका. आधी तो सरळ उभा राहू द्या, मग हलू द्या. ओढलेल्या तारेवर व्हायब्रेटो देणं सगळ्यात अवघड, कारण तिथे तार सैल सोडून परत तेवढीच ओढायची असते. परतताना प्रत्येक वेळी पंचमच आला पाहिजे.

पायरी ७: खालच्या कॉर्ड्स ओळखा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग सोलो वाजवूनही तो सुटा सुटा का वाटतो ते त्यांना कळत नाही.

सोलोखाली कॉर्ड्स फिरतात त्या अशा: बी मायनर, ए, जी, ई मायनर आणि परत बी मायनर. गाण्याच्या कडव्याच्याच कॉर्ड्स. ६४ च्या लयीत त्या स्वतः वाजवून फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. तयार बॅकिंग ट्रॅक भरपूर मिळतात, पण स्वतः वाजवलेल्या कॉर्ड्स अंगात भिनतात.

आता त्या ट्रॅकवर फक्त एक स्वर वाजवा, बी. पूर्ण फेरी संपेपर्यंत तोच. बी मायनरवर तो घरी बसलाय. ए आली की त्याच स्वराची चुळबुळ सुरू होते, कारण ए च्या कॉर्डमध्ये बी नाही. जी आली की तो अचानक गोड होतो. तो जी चा तिसरा स्वर आहे. ई मायनरवर तो पाचवा, भक्कम. स्वर तोच, हात हललेला नाही, आणि चार वेगळ्या भावना. मग हाच प्रयोग ओढलेल्या एफ शार्पवर करा. जी वर तो कसा टोचतो ते ऐका. तो बोचरा गोडवा कानाला लागला की गिल्मर कुठल्या स्वरावर का थांबतो ते सांगावं लागत नाही.

पायरी ८: वाक्यावाक्याने

पहिल्या पायरीतला कागद काढा. एका वेळी एकच वाक्य. ऐका, गा, मग वाजवा, याच क्रमाने. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ करता येतो आणि पट्टी बदलत नाही, त्याचा उपयोग करा. टॅब बघायला हरकत नाही, पण कानाने शोधल्यानंतर, ताळा करण्यापुरता. टॅबमध्ये बेंडचा बाण असतो. तो किती सावकाश चढला, वर किती थांबला, हे त्यात नसतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माहीत नसल्याने अनेक जण नाउमेद होतात. रेकॉर्डवरचा हा सोलो गिल्मरने एका दमात वाजवलेला नाही. त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की तो पाच-सहा सोलो वाजवून मुद्रित करायचा, मग प्रत्येक ऐकून कागदावर तक्ता मांडायचा, कुठल्या प्रयत्नातली कुठली ओळ चांगली त्यावर खुणा करायचा आणि मिक्सरवर एका फेडरवरून (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावरून) दुसऱ्या फेडरवर जात एकसंध सोलो जुळवायचा. हा सोलोही त्याच पद्धतीने बनला. म्हणजे एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना तुमचा हात अडखळला, तर दोष नेहमीच तुमचा नसतो. ती दोन वाक्यं वेगवेगळ्या वेळी वाजवलेली असू शकतात. मला यातून मिळालेली शिकवण कामाची आहे: तुम्हीही तेच करा. बॅकिंग ट्रॅकवर स्वतःचे सहा प्रयत्न रेकॉर्ड करा, ऐकून खुणा करा. सहाव्या प्रयत्नातलं तिसरं वाक्य चांगलं का आलं, याचा शोध घेण्यात जितकं शिकायला मिळतं तितकं शंभर वेळा घोकून मिळत नाही.

लयीबद्दल एवढंच: पुढे धावू नका. गिल्मर मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतो. नवखा माणूस थांब्याच्या जागी घाबरतो आणि पुढचं वाक्य लवकर सुरू करतो. थांब्यात पायाने ठेका धरा, श्वास घ्या, मग वाजवा.

पायरी ९: आवाज

आवाजाच्या नादाला शेवटी लागा. आधीपासून फझ लावून रियाज केलात तर बेसूर बेंड त्यात लपतात.

त्या काळात गिल्मर बिग मफ हे फझ पेडल आणि हायवॉटचे १०० वॅटचे ॲम्प वापरायचा, जोडीला फिरत्या स्पीकरची पेटी. घरी एवढं लागत नाही. बिग मफच्या जातीचं कुठलंही पेडल, किंवा मल्टी-इफेक्ट्समधला त्याचा पर्याय, आणि एक डिले, म्हणजे पडसाद देणारं पेडल. पिकअप (तारांचा आवाज टिपणारं चुंबक) ब्रिजकडचा. फझ पूर्ण चढवू नका. स्वर लांबेल इतकाच, साधारण अर्ध्याच्या थोडा वर. डिलेचं गणित सोपं आहे: ६४ च्या लयीत एक मात्रा सुमारे ९३८ मिलिसेकंदांची, तिची निम्मी ४६९. तिथपासून सुरुवात करा, डिलेचा आवाज मूळ स्वराच्या पाव पट, आवृत्त्या चार-पाच. पडसाद वेगळा ऐकू आला तर तो जास्त आहे; बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटलं तर बरोबर आहे.

सिंगल कॉइल पिकअप फझवर गुंईं करतात. पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर लावलेले दिवे यांनी ती वाढते, म्हणून ते बंद करून बघा, आणि गिटार धरून जागच्या जागी थोडं वळा. एका दिशेला गुंईं कमी होते. ॲम्पची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडणीत कधीही घालू नका. अर्थिंग नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी ते करून घ्या. हे आवाजापेक्षा जिवासाठी. इमारतीत राहत असाल तर हेडफोनवर वाजवा. शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहिले तर रियाज वर्षानुवर्षं चालतो.

पायरी १०: इतर वेळचे सोलो ऐका

तुमचा सोलो साधारण उभा राहिला की रेकॉर्डच्या बाहेर पडा. १९८०-८१ च्या ‘द वॉल’च्या प्रयोगांत गिल्मर बांधलेल्या भिंतीच्या माथ्यावर उभा राहून हा भाग वाजवायचा. १९९४ चा लंडनच्या अर्ल्स कोर्टमधला सोलो रेकॉर्डपेक्षा बराच लांब आहे, पुष्कळांना तोच सर्वांत आवडतो, मलाही. २ जुलै २००५ ला लाइव्ह एट या कार्यक्रमासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँडमधले चौघे पुन्हा एकत्र आले तेव्हाचा आहे, २००६ चा पोलंडमधल्या ग्दान्स्कचा आहे, २०१६ चा इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन ॲम्फिथिएटरमधला आहे. एकामागून एक ऐका. सुरुवातीची ओळखीची वाक्यं बहुतेक सगळीकडे भेटतात, मग तो वाट बदलतो. बंदिशीचं तोंड तेच ठेवून विस्तार दर वेळी नवा करावा, तसं. तुम्हालाही तेवढीच मोकळीक आहे: पहिली चार-पाच वाक्यं जशीच्या तशी, पुढे पाच स्वरांत तुमचं.

राहिला शेवट. रेकॉर्डवर सोलो फेड होतो, संपत नाही, त्यामुळे मित्रांसमोर किंवा कॉलेजच्या स्टेजवर वाजवताना मुलं इथे गडबडतात. ड्रमर थांबतो, बेस चालूच असतो. आधी ठरवून ठेवा. मी असं सुचवतो: शेवटची फेरी बी मायनरवर येते तेव्हा गिटारवाल्याने ड्रमरकडे बघून मान हलवायची, पुढच्या समेवर सगळ्यांनी एकदम बी मायनरचा ठोका द्यायचा. तुम्ही सहाव्या तारेवरचा सातवा फ्रेट वाजवा, खालचा सा. फझ चालू राहू द्या, व्हायब्रेटो सावकाश, आणि तार आपणहून गप्प होईपर्यंत बोट उचलू नका. झांजांचा आवाज तुमच्या आधी संपेल.